बोडकं नाव

आई,

शाळेत आम्हाला पत्राचा मायना पाठ करायला लावत. ‘तीर्थरूप सौ. आईस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.’ पाचवीत असताना तो गृहपाठ दाखवायला मी स्वयंपाकघरात आले होते. तू कणीक मळत होतीस, हात भरलेले, म्हणून वही मीच तुझ्या डोळ्यांसमोर धरली. तू वाचलंस आणि विचारलंस, एवढ्या गर्दीत मी कुठे उभी आहे? मला काही कळलं नाही. मी ‘सौ.’वर बोट ठेवलं. तू कोपराने वही बाजूला सारलीस आणि म्हणालीस, नुसतं ‘आई’ लिहिलंस तरी टपाल पोचतं गं. बाईंनी मला दहापैकी नऊ दिले. आईचं ऐकलं असतं तर शून्य मिळालं असतं, असं मी त्या संध्याकाळी बाबांना सांगितल्याचं आठवतं. आज तुझं ऐकलं आहे. आता मार्क द्यायला कोणी नाही.

गेल्या आठवड्यात मी काम करायचे तो मुलुंडचा छापखाना रिकामा झाला. यंत्र कधीचं बंदच होतं, मालकांचा मुलगा पुढच्या अर्ध्या भागात झेरॉक्स आणि लॅमिनेशन करायचा. आता जागाच विकली. त्याने फोन केला, मॅडम, आठवण म्हणून काही हवं असेल तर घेऊन जा, बाकी सगळं भंगारात चाललंय. मी गेले. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, लाकडी केसेस भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. आमच्याकडे मुख्य काम लग्नपत्रिकांचं. त्यात ‘श्री.’, ‘सौ.’ आणि ‘कै.’ इतक्या वेळा लागत की दर वेळी अक्षर, मात्रा आणि टिंब जुळवत बसायला नको म्हणून काकांनी ती तिन्ही तयार करून तीन वेगळ्या खणांत ठेवली होती. काका म्हणजे आमच्याकडे खिळे जुळवणारे म्हातारे गृहस्थ, सगळा छापखाना त्यांना काकाच म्हणायचा. मी मधल्या खणातला एक खिळा उचलून पर्समध्ये टाकला. तो आत्ता या टेबलावर आहे. शिशाचा आहे, वरचं अक्षर उलटं. मला उलटं वाचायची इतकी सवय आहे की ते मला सुलटंच दिसतं.

तू कोण होतीस हे मला उशिरा कळलं, कारण घरात ते कोणी बोलायचं नाही. मला माहीत होती ती ट्रंक एक्स्चेंजमध्ये काम करणारी, कानाला हेडफोन लावून दिवसभर ‘लाइनवर राहा’ म्हणणारी आई. लग्नाआधीही तू तिथेच होतीस. शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या भावाचा बीट ग्रुप होता. त्यांना गाणारं कोणीतरी हवं होतं, आणि खरखरणाऱ्या लाइनवर तू ज्या आवाजात ‘हॅलो नागपूर’ ओरडायचीस तो ऐकून तिने तुला नेलं. आजोबा गिरणीत, चाळीतल्या दोन खोल्यांत आठ माणसं, वर्षातून एकदा कोकणात जायचं, आणि त्यांची मुलगी शनिवारी संध्याकाळी साडीचा पदर खोचून ड्रमपुढे उभी राहायची आणि इंग्रजीत किंचाळायची. आजोबांना वाटायचं ओव्हरटाइम आहे. तुमची एक छोटी तबकडी निघाली होती. ती तुझ्या कपाटात साड्यांच्या खाली होती. दहावी पास झाले तेव्हा तू ती मला दिलीस. आपल्याकडे ती वाजवायला काही नव्हतं, म्हणून मी फक्त मधला गोल कागद वाचला. त्यावर तुझं नुसतं नाव होतं. आडनाव घातलं नाही, घरी कळलं असतं ना, असं तू हसत सांगितलंस. पण त्या कागदावरून तू अंगठा फिरवलास तो मला दिसला.

मग लग्न झालं आणि तू मुलुंडला आलीस. बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, स्वभावाने गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी तुला गाऊ नकोस असं कधी म्हटलं नाही. गा असंही म्हटलं नाही. तू गाणं सोडलंस असं सगळे समजत होते, पण मला माहीत होतं. उंच सूर लावायचा झाला की तू कुकरच्या शिट्टीची वाट बघायचीस. शिट्टी सुरू झाली की तिच्या आड ओरडायचीस आणि शिट्टी थांबली की मोहरीचा डबा शोधायला लागायचीस. खालच्या काकू एकदा म्हणाल्या, तुमच्या कुकरची शिट्टी फार वेळ वाजते हो, रबर बदलून घ्या. तू मान डोलावलीस आणि दुसऱ्या दिवशी खरंच रबर आणलंस.

तुला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सासरी सूनबाई, सोसायटीत वहिनी, एक्स्चेंजमध्ये मॅडम, आणि बाबा तर ‘अगं’ म्हणायचे, तेही भिंतीकडे बघून. त्यामुळे मनोरीचे अंकल पहिल्यांदा घरी आले तेव्हा गोंधळच झाला. ते तुमच्या ग्रुपमधले गिटारवाले. बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आले होते आणि मनोरीला त्यांच्या आईच्या जुन्या घरात राहत होते. दार बाबांनी उघडलं. अंकलनी तुझं नाव घेतलं आणि विचारलं, आहे का? बाबा क्षणभर तसेच उभे राहिले. मग आत वळून त्यांनी तुझं नाव घेतलं. मी वीस वर्षांची होते आणि बाबांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकत होते.

त्यानंतर दर रविवारी तू मनोरीला जायला लागलीस. मालाडहून बसने मार्वे, तिथून होडीने पलीकडे. कधी मीही यायचे. अंकलच्या घरामागे सुकट वाळत घातलेली असायची आणि पडवीत त्यांचा अॅम्प्लिफायर. त्यांनी दोन तरुण मुलं जमवली होती, एक ड्रमवर, एक बेसवर. गाणी तू लिहिलेली, आणि मराठीत. कोणी तरी नंबर मागतंय आणि लाइन लागत नाही, एवढंच त्या गाण्यांत असायचं. पण त्यामागे गिटार अशी वाजायची की पडवीची कौलं थरथरायची, आणि तू केस सोडून, डोळे मिटून ओरडायचीस. तुला अजून चोरून ओरडायची सवय होती, मध्येच आवाज गिळायचीस. अंकल थांबवायचे. “ओरड ना रे बिनधास्त,” ते म्हणायचे, “इथे कोण शेजारी हाय? समुद्र हाय.” मासे निवडणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत राहायच्या. मला तेव्हा अभिमान वाटायला हवा होता. मला ऊन लागत होतं आणि परतीची होडी चुकेल अशी काळजी वाटत होती.

कॅसेटचा धंदा तेव्हा जोरात होता. अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात एक कंपनी होती, आरत्या आणि कोळीगीतं काढायची. अंकलनी त्यांच्या मॅनेजरच्या मागे लागून त्याला तयार केलं. आठ गाणी, कॅसेटचं नाव ‘हाक’. वरच्या कार्डावरचं चित्र कंपनी दुसरीकडून छापून आणणार होती आणि त्यावरची अक्षरं आमच्या छापखान्यात चढवायची, कारण आमचं काम स्वस्त आणि मी तिथे प्रुफं तपासायला होते.

ध्वनिमुद्रण तीन दुपारी चाललं. पहिल्या दुपारी मी तुझ्यासोबत होते. तू गायला लागलीस की काचेच्या आडून रेकॉर्डिंग करणारा माणूस हात वर करायचा, मॅडम, कुछ बज रहा है. तू बांगड्या काढून मला दिल्यास. पुन्हा हात वर. मग त्याने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. तुझं मंगळसूत्र उडून ब्लाउजच्या हुकांवर आपटत होतं. बाबा समोर असते तर तू काय केलं असतंस मला माहीत नाही. तू ते डोक्यावरून काढलंस, माझ्या हातात दिलंस, “धर,” म्हणालीस, आणि वळून गायला लागलीस. त्या गाण्यात तू जो आवाज काढलास तसा मी मनोरीलाही ऐकला नव्हता. मला तो नीट ऐकू आला नाही. मी मूठ घट्ट मिटून बसले होते, मणी तळव्यात रुतत होते, आणि मला सारखं वाटत होतं की आता कोणीतरी आत येईल आणि विचारेल, हे तुझ्या हातात कसं.

संपल्यावर तू ते मागितलं नाहीस. अंधेरीहून घाटकोपरच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस, घामेजलेली, गळा मोकळा. मी माझा रुमाल तुला दिला आणि गळ्याभोवती घे म्हटलं. तू त्याने तोंड पुसलंस. मग म्हणालीस, “कॅसेटवर माझं नाव नुसतं येऊ दे. आधी काही नको, मागे काही नको. होतं तसं. एवढं तू बघ.” मी हो म्हटलं. तू माझ्या मांडीवर हात ठेवलास आणि घाटकोपर येईपर्यंत झोपलीस. मंगळसूत्र मी घरी आल्यावर दिलं, बाबा अजून कामावरून यायचे होते.

पुढच्या आठवड्यात तू मजकूर लिहून दिलास, ट्रंक कॉल नोंदवायच्या कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर, ठसठशीत अक्षरात. तो अंकलनी कंपनीला दिला आणि कंपनीने आमच्याकडे पाठवला. वर ‘हाक’, खाली तुझं नाव. मी कार्डाचा कच्चा नमुना घरी आणला होता, तू कामावर होतीस, बाबांनी तो चष्मा पुसून वाचला. त्यांनी विचारलं, “आधी काही लागत नाही का?” मी म्हटलं, नाही. बरं, म्हणाले, आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले. दुधाची पिशवी सकाळीच आलेली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ते तिथेच उभे राहिले. आयुष्यभर लग्नपत्रिका जुळवलेला माणूस, त्यांच्या हाताखालून बाईचं नाव असं कधी गेलंच नव्हतं. ते म्हणाले, “नाव बोडकं दिसतं गं.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पत्रिकेवर नावाआधी काही लावायचं राहून गेलं की नाव बोडकं राहिलं, असंच आम्ही छापखान्यात म्हणायचो, पुरुषाच्या नावालाही. पण तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला. बोडकं म्हणजे काय ते मला माहीत होतं. कोकणातल्या तुझ्या आत्याला मी लहानपणी पाहिलं होतं, डोक्यावरून लाल आलवण घेतलेली, ओटीवर सगळ्यांच्या मागे बसणारी.

आई, तुला आता कारणं देऊन उपयोग नाही, तरी लिहिते. बाबांचा चेहरा. लवकरच बोरिवलीची मंडळी मला बघायला येणार होती आणि तेव्हा कॅसेट शोकेसमध्ये असणार होती. माझ्या तळव्यात अजून मणी रुतल्यासारखे वाटत होते. आणि सवय, जी या सगळ्यापेक्षा मोठी असावी, कारण मी फार विचार केल्याचं मला आठवत नाही. मी लाल पेन घेतलं, तुझ्या नावाच्या डावीकडे काकपद काढलं, म्हणजे राहून गेलेलं अक्षर घालायची आमची खूण, कावळ्याच्या पायासारखी, आणि वर लिहिलं ‘सौ.’ काकांनी मधल्या खणात हात घातला. एक अक्षर आणि एक टिंब. खाली मी ‘वाचले, छापावे’ असं लिहून सही केली, रोज करायचे तशी.

खोकं घरी आलं तेव्हा तू नुकतीच कामावरून आली होतीस, पाय धुऊन पदराला पुसत होतीस. तू वरची कॅसेट काढलीस. चित्रात तू केस सोडून, डोळे मिटून, तोंड उघडून, मनोरीला अंकलनी काढलेला फोटो. तू बराच वेळ बघितलंस. मग मला विचारलंस, “हे कोणी लावलं?”

मी म्हटलं, “वरून तसंच आलं होतं.”

तू मान हलवलीस. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तुझ्या मनातही आलं नाही. तेवढ्यात बाबांनी मागून एक कॅसेट उचलली, वाचली, आणि म्हणाले, छान आलंय. त्यांना खरंच आनंद झाला होता, आई. त्यांनी ती शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी, नाव समोर येईल अशी लावली. तू स्वयंपाकघरात गेलीस आणि कुकर लावलास. मी बाहेर बसून शिट्ट्या मोजल्या. तीन झाल्या आणि तिन्ही नुसत्या शिट्ट्या होत्या.

तुला नाव हवं होतं, पण गाणी लोकांनी ऐकावीत हेही हवं होतं. म्हणून पंधरा दिवसांनी तू मला घेऊन घाटकोपर स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात गेलीस, गिऱ्हाईक म्हणून. इंग्रजी गाण्यांच्या, मोठमोठ्या गिटारींच्या चित्रांच्या रांगेत आपण शोधलं. तिथे कॉलेजची मुलं गर्दी करून उभी होती. ‘हाक’ तिथे नव्हती. तू दुकानदाराला नाव सांगितलंस. तो म्हणाला, “ती होय, देवीची गाणी. तिकडे बघा.” ती मंगळागौरीची गाणी आणि आरतीसंग्रह यांच्यामध्ये होती. त्याचीही चूक नव्हती. सौ. अमुक, खाली ‘हाक’, केस सोडलेली, डोळे मिटलेली बाई. कोणालाही वाटलं असतं की देवीचं वारं आलंय. नवरात्रात चालेल म्हणून त्याने जास्त मागवून ठेवल्या होत्या. पण परत येतात हो, म्हणाला. परवाच एक बाई पैसे मागत होत्या, म्हणे यात देवी कुठे आहे, नुसती बोंबाबोंब आहे.

मला वाटलं तू हसशील. एरवी हसली असतीस, अशा गोष्टी तू एक्स्चेंजमधून गोळा करून आणायचीस. तू त्याला फक्त विचारलंस, त्या मुलांच्या रांगेत ठेवता येईल का? तो म्हणाला, ताई, सौ. लिहिलेली कॅसेट ही मुलं हातात तरी धरतील का? तू कॅसेट जागेवर ठेवलीस, शेजारची आरतीची तिरकी झालेली सरळ केलीस, आणि आपण बाहेर आलो. मला तेव्हा काय वाटलं ते मी खूपदा आठवून पाहिलं आहे. दातांचे डॉक्टर गाल बधिर करतात ना, तसं. आपलंच तोंड असतं, चावलं तरी कळत नाही. नवरात्रानंतर उरलेली खोकी कंपनीच्या गाळ्यात परत आली. मॅनेजरने निरोप पाठवला की दुसरी काढू, पण या वेळी खरीच देवीची. तू त्याला उत्तर दिलं नाहीस.

‘वरून आलं’ म्हणजे कोणाकडून, हे मी सांगितलं नव्हतं आणि तू विचारलं नव्हतंस. तिकिटाच्या पाठीवरचा मजकूर तू ज्यांच्या हातात दिलास त्यांच्यापर्यंत तुझा हिशेब जाऊन थांबला. त्या दुकानातून आल्यानंतरच्या रविवारी तू एकटी मनोरीला गेलीस आणि दुपारच्या होडीने परत आलीस. तुमचं काय बोलणं झालं ते तू सांगितलं नाहीस. फक्त रात्रीसाठी तांदूळ निवडताना म्हणालीस, “पंचवीस वर्षांपूर्वी त्याने आडनाव विचारलं नव्हतं. म्हातारा झाला.” मला तेव्हा बोलता आलं असतं. तू एकटी होतीस, बाबा बाहेर होते, बोरिवलीची मंडळी येऊन नकार देऊन गेली होती, मला गमवायचं काही नव्हतं. मी ताट घेऊन तुझ्याशेजारी बसले आणि खडे काढायला लागले.

त्यानंतर तू नऊ वर्षं होतीस. एसटीडीचे बूथ कोपऱ्याकोपऱ्यावर झाले, ट्रंकचे बोर्ड रिकामे पडले, तुला बिलांच्या खात्यात बसवलं. माझं लग्न झालं, मी मुलुंडमध्येच राहिले आणि छापखान्यातही. तू पुन्हा गायली नाहीस, शिट्टीच्या आडही नाही. दिवाळीत शोकेस पुसताना ती कॅसेट उचलून पुसायचीस आणि बाबांनी ठेवली होती तशीच परत ठेवायचीस. मी कधी विचारलं नाही आणि तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस. लोक म्हणायचे, तुमच्या घरात किती शांतता आहे.

तू गेलीस तेव्हा तेराव्याची पत्रं आमच्याच छापखान्यात छापली. मी मजकूर लिहून दिला, तुझं नाव नुसतंच लिहिलं होतं, कारण माझा हात पुढे गेला नाही. काका तेव्हा फार थकले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. एका खणातून ‘कै.’ घेतलं, शेजारच्या खणातून ‘सौ.’ घेतलं, आणि डोळे पुसून जुळवायला लागले. बायका येऊन सांगत होत्या, सवाष्ण गेली, सोनं झालं. बाबा सगळ्यांना हात जोडत होते.

दहाव्याला पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. कावळा शिवला नाही तर काय कबूल करायचं ते मी ठरवून आले होते. मी सगळ्यांसमोर सांगणार होते. मनातल्या मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं, ‘आई, ते मी लावलं होतं, मी काढीन.’ पण पिंड ठेवून भटजी दोन पावलं सरकले नाहीत तोच कावळा आला आणि शिवला. लोकांना बरं वाटलं. हिची काही इच्छा राहिली नव्हती, सुखाने गेली, असं कोणीतरी म्हणालं. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

अंकल आले होते. चर्चला जाताना घालायचे तो कोट घालून ते लांब, नळाजवळ उभे होते. केस पूर्ण पांढरे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तुझं नाव घेतलं, नुसतं, आणि थांबले. मग म्हणाले, “मी नाय लावला तो सौ. तिला किती सांगितला, तिला पटला नाय.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी कुठे काम करते हे त्यांना माहीत होतंच. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली आणि विचारलं, चहा कुठे मिळेल. मी त्यांना कोपऱ्यावरचं हॉटेल दाखवलं. ते गेले आणि तिथूनच मार्वेला निघून गेले असावेत, मला पुन्हा दिसले नाहीत.

हे सगळं लिहूनही मला रडू आलेलं नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून दुपारी कोणी घरात नसताना बसले. पत्र कुठे टाकायचं नाही हे माहीत असूनही मी पाकीट घेतलं, घडी घातली आणि वर तुझं नाव लिहिलं. नुसतं. आधी काही नाही, मागे काही नाही, तू बसमध्ये सांगितलं होतंस तसं. मग मी ते थोडं लांब धरून बघितलं, प्रूफ बघते तसं.

खरं सांगू का आई, मला ते अजूनही बोडकं दिसतं. पेन उघडंच होतं आणि हात नावाच्या डावीकडे गेलाही होता. मी टोपण लावलं. पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे, नाव खालच्या बाजूला करून.